कंट्रोलरला काय जोडावं, काय जोडू नये

नवा कंट्रोलर हातात आला की थोड्याच दिवसांत त्याला काहीतरी जोडायची हुक्की येते. स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीवर, चढवायच्या रबरी टोप्या, मागच्या बाजूची जादा बटणं, सिलिकॉनचं कव्हर, चार्जिंग डॉक, फोन अडकवायची क्लिप... यादी संपता संपत नाही. जाहिरात मात्र प्रत्येकाची एकच: हे लावा, तुमचा गेम सुधारेल. यातल्या मोजक्या वस्तूंनी तो खरंच सुधारतो. बऱ्याचशा वस्तूंनी काहीही होत नाही. आणि काही अशा असतात की त्या लावल्यावर चांगला चालणारा कंट्रोलर बिघडल्यासारखा वागायला लागतो.

कुठली वस्तू कुठल्या गटातली, हे ब्रँडवरून किंवा किमतीवरून कळत नाही. कंट्रोलरच्या पोटात काय चालतं हे लक्षात आलं की मात्र बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून आधी तिकडे जाऊ.

अंगठ्यापासून पडद्यापर्यंत

तुम्ही उजवी स्टिक किंचित डावीकडे कलती करता. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकच्या बुडाशी दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. पोटेन्शिओमीटर म्हणजे कार्बनचा छोटा पट्टा आणि त्यावरून घासत सरकणारं धातूचं टोक. टोक पट्ट्यावर कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलतं. कंट्रोलरमधली चिप त्या व्होल्टेजचा आकडा करते, तो आकडा वायरने किंवा रेडिओलहरींनी कन्सोलकडे जातो, गेम तो वाचतो, पुढचं चित्र त्याप्रमाणे काढतो आणि शेवटी टीव्ही ते दाखवतो. सेकंदाला ६० चित्रं काढणाऱ्या गेममध्ये एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. वाटेतला प्रत्येक टप्पा थोडा थोडा वेळ खातो. त्यांची बेरीज फुगली की खेळताना सगळं जड वाटायला लागतं. नेमकं काय बिनसलंय ते सांगता येत नाही, पण नेम चुकत राहतो.

उलट दिशेनेही हाच रस्ता चालू असतो. गेम कंट्रोलरला सांगतो, मोटर फिरव, आणि हाताला थरथर जाणवते.

ॲक्सेसरी कुठलीही असो, ती या रस्त्यावर कुठेतरी बसते. काही बाहेरच बसतात, म्हणजे अंगठा आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये. काही विजेच्या बाजूला बसतात. काही थेट सिग्नलच्या वाटेत ठाण मांडतात. माझा ठोकताळा साधा आहे: चांगली ॲक्सेसरी हाताचं एखादं काम कमी करते, वाईट ॲक्सेसरी वाटेत एक काम वाढवते. गंमत म्हणजे दिसायला जितकी भारी, तितकी ती दुसऱ्या गटात असण्याची शक्यता जास्त.

स्टिक उंच केल्यावर काय होतं

सगळ्यात साध्या वस्तूपासून सुरुवात करू: स्टिकवर चढवायची उंच टोपी. 'कंट्रोलफ्रीक' या नावाने ती बरीच प्रसिद्ध झाली, आता अनेकजण बनवतात. दिसायला खेळण्यातली, पण तिच्यामागचं भूमितीचं गणित पक्कं आहे.

स्टिक एका बिंदूभोवती कलते, आणि ती किती अंशांत कलू शकते हे ठरलेलं असतं. टोपी लावल्याने ते बदलत नाही. बदलतं ते टोकाने कापायचं अंतर. समजा कलण्याच्या बिंदूपासून अंगठ्यापर्यंत २० मिलिमीटर अंतर आहे आणि तुम्ही १० मिलिमीटरची टोपी चढवली. आता तेवढ्याच अंशांसाठी अंगठ्याला दीडपट अंतर जावं लागेल. म्हणजे अंगठा पूर्वीइतकाच हलला तर पडद्यावरचा नेम कमी हलतो. बारीक दुरुस्त्या सोप्या होतात. शिवाय तरफ लांबल्यामुळे जोरही कमी लागतो.

मग तोटा काय? गर्रकन मागे वळायचं असेल तर अंगठ्याला तेच जादा अंतर तोडावं लागतं. म्हणून दूरवरचा नेम धरून खेळणाऱ्याला टोपी आवडते आणि जवळच्या धुमश्चक्रीत खेळणाऱ्याला ती नकोशी होते. अनुभवी खेळाडू ती बहुधा फक्त उजव्या स्टिकला लावतात, कारण डावी स्टिक चालण्या-पळण्यासाठी असते आणि तिथे पटकन टोकाला जाणंच हवं असतं. दोन्हीकडे सारख्या उंच टोप्या लावणं हे जोडीने विकण्याच्या सोयीचं आहे, खेळण्याच्या सोयीचं नाही. आणखी एक: टोपी सैल बसत असेल तर ती काढून फेका. ती आतल्या आत जराशी फिरली की तुमच्या अंगठ्याची हालचाल आणि स्टिकची हालचाल यांत फारकत होते, आणि तिचा एकमेव फायदा तिथेच संपतो.

याच कुळातली दुसरी वस्तू म्हणजे स्टिकच्या देठाभोवती घालायचं फोमचं कडं. ते स्टिकला थोडा अडथळा करतं, त्यामुळे अंगठा ओढला जात नाही. काहींना हे फार मानवतं. स्वस्त आहे, काढता येतं, नुकसान नाही.

रबरी टोप्यांनी 'ड्रिफ्ट' थांबतं, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ड्रिफ्ट म्हणजे हात न लावता स्टिक एका बाजूला सरकल्यासारखी वागणं. ते येतं बहुतेक वेळा आतला तो कार्बनचा पट्टा झिजल्यामुळे किंवा त्यात धूळ गेल्यामुळे. वर टोपी चढवून खालची झीज कशी थांबणार? त्यावरचा खरा उपाय आतच आहे: हॉल इफेक्ट सेन्सरची स्टिक. तिच्यात चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र दुरून मोजतो; काहीच घासत नाही, म्हणून मोजणारा भाग झिजत नाही. हे तंत्र नवंही नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते विसाव्या शतकाच्या अखेरीलाच होतं. आता सुटे हॉल इफेक्ट मॉड्यूल मिळतात, पण ते बसवायला सोल्डरिंग करावं लागतं, त्यामुळे 'जोडायची वस्तू' म्हणून त्याची शिफारस सगळ्यांना करता येत नाही.

दोन अंगठे आणि त्यांच्यावरचा बोजा

आजच्या कंट्रोलरची सगळ्यात मोठी अडचण उजव्या अंगठ्याची आहे. त्याने स्टिकही फिरवायची आणि चार बटणंही दाबायची. उडी मारायला अंगठा बटणाकडे गेला की तेवढा वेळ नेम बेवारस. त्याच वेळी मधलं बोट, अनामिका आणि करंगळी कंट्रोलरच्या पाठीला नुसती टेकून बसलेली असतात.

म्हणून मागे लावायची बटणं ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सर्वांत कामाची जोड. उडी आणि वाकणं ही दोन कामं मागे टाकली की अंगठ्याला स्टिक सोडावीच लागत नाही. सुरुवातीला बोटं गोंधळतात, नको तेव्हा उड्या पडतात, पण हे लवकरच अंगवळणी पडतं.

सोनीने जानेवारी २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरसाठी अशीच एक जोड काढली. दोन बटणं, मध्ये छोटासा गोल ओएलईडी पडदा, आणि कोणत्या बटणाला कोणतं काम दिलंय ते त्या पडद्यावर दिसायचं. ती कंट्रोलरच्या खालच्या बाजूला असलेल्या एक्स्टेन्शन पोर्टमध्ये आणि हेडफोनच्या भोकात बसायची, आणि हेडफोन लावायला स्वतःच्या अंगावर एक भोक पुन्हा उपलब्ध करून द्यायची. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण चांगल्या रचनेची खूण तीच. एखादं भोक अडवलं तर ते परत द्यायचं. शिवाय जोड अधिकृत पोर्टातून बोलत असल्यामुळे कन्सोलला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, वेगळी बॅटरी नव्हती, कंट्रोलर उघडावा लागत नव्हता.

तिचं दुर्दैव म्हणजे वेळ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ आला आणि त्याच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरला ही जोड बसत नव्हती. मागची बटणं असलेला सोनीचा स्वतःचा कंट्रोलर, ड्युअलसेन्स एज, यायला जानेवारी २०२३ उजाडलं. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या एक्सबॉक्स एलिट कंट्रोलरमध्ये मागचे पॅडल आधीच देऊन टाकले होते.

बाजारातल्या बाकीच्या मागच्या बटणांमध्ये दोन जाती आहेत. एक, जी कंट्रोलर उघडून आतल्या सर्किटला जोडतात. चांगली बसवली तर उत्तम, पण वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. दुसरी, निव्वळ यांत्रिक: पुढच्या बटणावर एक लांब प्लॅस्टिकचा दांडा, मागून खेचला की पुढे बटण दाबलं जातं. दुसरी जात टाळा. दांडा लवतो आणि दाबलेलं कधी पोहोचतं, कधी नाही.

थरथर आणि गिळंकृत होण्याचं भाग्य

१९९७ मध्ये निन्टेन्डोने 'स्टार फॉक्स ६४' या गेमबरोबर रंबल पॅक आणला. निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरच्या पोटाशी एक खाच होती, तिच्यात ही डबी बसायची. आत एक मोटर, मोटरला एका बाजूला जड वजन. मोटर फिरली की वजन डोलतं आणि हातात थरथर येते. वीज कंट्रोलरकडून घेण्याची सोय नव्हती, म्हणून दोन एएए बॅटऱ्या लागायच्या. आणि गैरसोय अशी की त्याच खाचेत मेमरी कार्डही बसायचं. म्हणजे गेम सेव्ह करायचा तर थरथर काढा, मेमरी घाला, सेव्ह करा, परत थरथर घाला.

एवढी कटकट असूनही ही कल्पना जिंकली, कारण तिने खरंच काहीतरी नवं दिलं. यान कशावर तरी आपटलं हे डोळ्यांबरोबर हातालाही कळू लागलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सोनीने जपानमध्ये ड्युअलशॉक आणला आणि त्यात मोटरी कंट्रोलरच्या आतच बसवल्या, डाव्या मुठीत मोठी आणि उजव्या मुठीत छोटी. वेगळी बॅटरी नाही, खाचेची भांडणं नाहीत. त्यानंतर थरथर नसलेला कंट्रोलर लोकांना अपुरा वाटू लागला. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये सोनीने ती वगळली तेव्हा लोकांनी कुरकुर केली आणि पुढच्या ड्युअलशॉक ३ मध्ये ती परत आली.

खरोखर चांगली ॲक्सेसरी फार काळ ॲक्सेसरी राहत नाही. मूळ कंट्रोलरच तिला गिळून टाकतो. मागच्या बटणांचं तेच होत आलं, निन्टेन्डोच्या वी या कन्सोलसाठीच्या मोशनप्लसचंही तेच झालं. वीच्या रिमोटमध्ये प्रवेगमापक होता आणि पुढे इन्फ्रारेड कॅमेरा. प्रवेगमापकाला गुरुत्वाकर्षणामुळे रिमोट किती कलला ते कळतं, पण रिमोट सपाट धरून फक्त डावी-उजवीकडे वळवला तर गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याच्या दृष्टीने बदलतच नाही, म्हणून ते वळण त्याला नीट कळत नाही. २००९ मध्ये आलेल्या मोशनप्लसने जायरोस्कोप पुरवला, जो फिरण्याचा वेग थेट मोजतो, आणि तलवार खरोखर मनगटाबरोबर फिरू लागली. रिमोटच्या बुडाला अडकवायची ती ठोकळ्याएवढी डबी २०१० मध्ये रिमोटच्या आत गेली.

वीच्याच जमान्यातले प्लॅस्टिकचे टेनिस रॅकेट, गोल्फच्या काठ्या आणि बेसबॉलच्या बॅटा आठवतात का? त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक्सचा एक कणही नव्हता. रिमोटला नुसतं प्लॅस्टिक अडकवायचं. गेमला ते आहे की नाही हे कळायचंही नाही. फक्त वजन मनगटापासून दूर गेल्यामुळे हात लवकर दुखायचा. याउलट मनगटाला बांधायची साधी दोरी, जिच्याकडे कुणी वळून पाहत नाही, तीच त्या कन्सोलची सर्वांत महत्त्वाची जोड ठरली. लोकांच्या हातातून रिमोट सुटून टीव्हीवर जायला लागले, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली; दोरीची जाडी ०.६ मिलिमीटरवरून १ मिलिमीटरवर नेली. पुढच्या वर्षी रिमोटला घालायचं जाड सिलिकॉनचं जाकीटही फुकट दिलं.

पॉवर ग्लव्हचं काय चुकलं

वाईट ॲक्सेसरींच्या प्रत्येक यादीत पॉवर ग्लव्ह असतो. तो वाईट का, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं, आणि सांगण्यासारखं तेच आहे.

१९८९ मध्ये मॅटेल कंपनीने निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलसाठी हा हातमोजा विकायला काढला. मूळ कल्पना आली व्हीपीएल रिसर्च या कंपनीच्या डेटाग्लव्हवरून, जो आभासी वास्तवाच्या संशोधनासाठी बनवलेला महागडा हातमोजा होता. त्यात बोटांचं वाकणं मोजायला ऑप्टिकल फायबर होते. खेळण्याच्या किमतीत ते शक्य नव्हतं, म्हणून पॉवर ग्लव्हमध्ये वीजवाहक शाईच्या पट्ट्या घातल्या. बोट वाकलं की पट्टीचा रोध बदलायचा. करंगळीला पट्टीच नव्हती. हात हवेत कुठे आहे हे कळण्यासाठी हातमोज्यावर अल्ट्रासाउंडचे दोन प्रक्षेपक, आणि टीव्हीच्या कडेला काटकोनात लावायच्या पट्टीवर तीन ग्राहक. आवाज पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. १९८९ च्या खेळण्यासाठी ही करामत थक्क करणारीच होती.

आता मूळ मुद्द्याकडे या. एनईएसचा नेहमीचा गेम कंट्रोलरकडून वाचतो ती फक्त आठ बटणं: चार दिशा, ए, बी, सिलेक्ट आणि स्टार्ट. प्रत्येक बटण एक तर दाबलेलं, नाही तर सुटलेलं. हातमोज्याला हाताची उंची, अंतर, वळण, बोटांचं वाकणं एवढं सगळं कळत होतं आणि शेवटी ते कोंबायचं होतं या आठ होय-नाहींमध्ये. एखादा गाणारा माणूस आणून त्याच्याकडून फक्त दाराची बेल वाजवून घ्यावी, तशातला हा प्रकार. प्रत्येक गेमसाठी मनगटावरच्या कीपॅडवर आकडे टाकून कोणती हालचाल म्हणजे कोणतं बटण ते ठरवावं लागायचं. आधी अंगठा एक मिलिमीटर हलवला की मारिओ पळायचा. आता अख्खा हात हवेत धरून तेच काम करायचं, आणि तेही अदमासे. खास या हातमोज्यासाठी म्हणून फक्त दोन गेम निघाले, 'सुपर ग्लव्ह बॉल' आणि 'बॅड स्ट्रीट ब्रॉलर'.

त्याच कन्सोलच्या आणखी दोन नगांचं दुखणं जवळचंच. १९९० मध्ये कोनामीने लेझरस्कोप नावाचं हेडसेट आणलं: डोळ्यासमोरच्या काचेतून नेम धरायचा आणि तोंडाने 'फायर' म्हणायचं की गोळी सुटते. माइकला शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. त्यामुळे खोलीतला कुठलाही मोठा आवाज गोळी झाडायला पुरेसा. दुसरा नग, रॉब नावाचा रोबो, १९८५ चा. तो पडद्यावरच्या प्रकाशाच्या उघडझापीवरून हुकूम ओळखायचा आणि फिरता भोवरा उचलून एका तबकडीवर ठेवायचा. तबकडी खाली जाऊन दुसऱ्या कंट्रोलरचं बटण दाबायची. म्हणजे एवढा खटाटोप अशा बटणासाठी, जे तुम्ही बोटाने दाबू शकत होता. रॉबसाठीही गेम दोनच. मात्र रॉबला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार 'व्हिडिओ गेम' हे शब्दही ऐकून घ्यायला तयार नव्हते. रोबो पुढे ठेवला की हे खेळणं आहे असं सांगता यायचं. खेळण्याची वस्तू म्हणून तो नापास, विक्रेता म्हणून पहिल्या वर्गात पास.

एनईएसच्या काळातली आणखी एक युक्ती इथे सांगायलाच हवी. एनईएस ॲडव्हान्टेज या मोठ्या जॉयस्टिकवर 'स्लो' असं बटण होतं. ते दाबलं की कुठलाही गेम संथ चालायचा. ते कसं करायचं ठाऊक आहे? ते तुमच्या वतीने भराभर स्टार्ट बटण दाबत राहायचं, म्हणजे गेम सारखा थांबायचा आणि सुरू व्हायचा. ज्या गेममध्ये थांबल्यावर मेनू उघडायचा, तिथे मेनूची लखलख बघत बसायची.

वीज आणि वायर

इथे थोडक्यात आटोपतं. चार्जिंग डॉक घेताना एकच प्रश्न विचारायचा: बॅटरी चार्ज करण्याचं सर्किट कुठे आहे? ड्युअलसेन्ससारख्या कंट्रोलरमध्ये ते आतच असतं, डॉक फक्त ५ व्होल्ट पुरवतो. म्हणून साध्या डॉकनेही फारसं बिघडत नाही. एक्सबॉक्सचे नेहमीचे कंट्रोलर एए बॅटऱ्यांवर चालतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कंपन्यांचे रिचार्जेबल पॅक बसतात. तिथे चार्ज कधी थांबवायचा हे पॅक आणि डॉक ठरवतात, आणि हलक्या दर्जाच्या मालात हेच ठरवणं कच्चं असतं. त्यापेक्षा चांगल्या एनआयएमएच (पुन्हा चार्ज होणाऱ्या) एए सेलच्या दोन जोड्या आणि वेगळा चार्जर हा उपाय जुनाट दिसला तरी जास्त भरवशाचा.

वायर घेताना ती डेटासुद्धा नेते ना, ते बघा. बऱ्याच स्वस्त यूएसबी-सी केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात. कंट्रोलर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही, आणि लोक कंट्रोलरला दोष देत बसतात. लांब, लवचीक, डेटा नेणारी केबल ही कुणी जाहिरात न करणारी, पण रोज उपयोगी पडणारी गोष्ट.

सिलिकॉनच्या कव्हरांबद्दल माझं मत कडवट आहे. हाताला घाम येतो, कव्हर सरकतं, बटणांच्या कडेला अडकतं, आणि ते घातल्यावर कंट्रोलर डॉकमध्ये बसत नाही. पकड हवी असेल तर मुठींवर चिकटवायची पातळ खरखरीत पट्टी घ्या. फोनची क्लिप चांगली, फक्त फोन जितका कंट्रोलरच्या मध्यावर आणि मुठींच्या जवळ येईल तितकं मनगटाला बरं. ट्रिगरचा, म्हणजे कंट्रोलरच्या वरच्या कडेच्या चापासारख्या बटणाचा, प्रवास कमी करणारे अडसर गोळीबाराच्या गेममध्ये उपयोगी, पण गाड्यांच्या शर्यतीत ते काढायचे, नाहीतर ॲक्सिलरेटर अर्धा दाबणं अवघड होतं.

मध्येच बसणारे डबे

आता सिग्नलच्या वाटेत बसणाऱ्यांकडे वळू. यातले काही निरुपद्रवी आहेत: एका कन्सोलचा कंट्रोलर दुसऱ्यावर चालवणारे छोटे वायरलेस रिसीव्हर. चांगल्या बनावटीचे असतील तर ते वाढवतात तो उशीर जाणवत नाही.

खरी डोकेदुखी आहे ती झिम आणि क्रोनस झेनसारख्या डब्यांची. झिम कन्सोलला माउस-कीबोर्ड लावू देतं आणि कन्सोलला वाटतं कंट्रोलरच आहे. त्यातली मेख समजून घ्या. स्टिकने नेम धरणं माउसपेक्षा अवघड, म्हणून गेम कंट्रोलरवाल्याला थोडी मदत करतो. नेम शत्रूजवळ आला की तो जरा चिकटतो. डबा लावणाऱ्याला माउसची अचूकताही मिळते आणि कंट्रोलरसाठीची मदतही. क्रोनस झेनमध्ये बंदुकीचा झटका आपोआप सावरणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा चालतात. समोरच्याला कळतही नाही की आपण कशाशी खेळतोय.

२०२३ मध्ये यावर कंपन्या जाग्या झाल्या. युबीसॉफ्टने 'रेनबो सिक्स सीज' मध्ये माउसट्रॅप नावाची यंत्रणा आणली. तिची शिक्षा मला आवडली: असा डबा सापडला की खेळाडूला लगेच बाहेर न काढता त्याच्या प्रत्येक हालचालीत ती मुद्दाम उशीर घालते. म्हणजे ज्या फायद्यासाठी डबा घेतला तोच गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्सने परवाना नसलेल्या जोडण्या थेट बंद करायला सुरुवात केली. त्यात मात्र सुक्याबरोबर ओलंही जळण्याची भीती होती, कारण फायटिंग गेम खेळणारे आपल्या खास स्टिकसाठी आणि शारीरिक अडचण असलेले खेळाडू आपल्या खास साधनांसाठी असेच ॲडॉप्टर वापरतात. एकाच्या हातात जी लबाडी, ती दुसऱ्याच्या हातात खेळण्याची एकमेव वाट असू शकते, आणि यंत्राला हा फरक ओळखता येत नाही.

एकोणीस भोकांचा पाठीराखा

मला एकच सर्वोत्तम निवडायला सांगितलं तर मी एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर निवडेन. काटेकोरपणे बोलायचं तर तो स्वतः कंट्रोलर आहे, पण त्याचं खरं काम इतर साधनांना जागा देणं हेच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तो बाजारात आला. वरून दोन मोठी गोल बटणं आणि एक दिशादर्शक पॅड, आणि पाठीमागे ओळीने ३.५ मिलिमीटरची १९ भोकं. साध्या हेडफोनला असतं तसं भोक, आणि प्रत्येक भोक म्हणजे कंट्रोलरचं एक बटण किंवा ट्रिगर. दोन्ही बाजूंना एकेक यूएसबी पोर्ट, स्टिकसाठी.

३.५ मिलिमीटरच का? कारण अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठीची बटणं, पायाने दाबायची, डोक्याने ढकलायची, फुंकरीने चालणारी, वर्षानुवर्षं याच पिनने जोडली जातात. मायक्रोसॉफ्टने स्वतःची वेगळी पिन काढली असती तर प्रत्येकाला सगळं नव्याने घ्यावं लागलं असतं. त्याऐवजी ज्याच्याकडे जे होतं ते चालू लागलं. ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर घडवताना एबलगेमर्स, स्पेशलइफेक्ट, सेरेब्रल पाल्सी फाउंडेशन अशा संस्थांशी सल्लामसलत झाली होती, आणि ते खोक्यातसुद्धा दिसतं: पट्ट्यांना मोठे फास आहेत, बोटांची पकड नसली तरी हात किंवा दात अडकवून ते उघडता येतं. पुढे लॉजिटेकने त्याच्यासाठी बटणांचा संचच काढला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर आला. तो गोल असून त्याच्या कडेची बटणं वेगवेगळ्या आकारांत बदलता येतात. ३.५ मिलिमीटरची भोकं त्यातही आहेत, पण चारच. सोय म्हणजे असे दोन ॲक्सेस आणि एक नेहमीचा ड्युअलसेन्स एकत्र करून एकच कंट्रोलर म्हणून वापरता येतात, त्यामुळे शेजारी बसलेला माणूस अर्धी बटणं सांभाळू शकतो. एक्सबॉक्समध्ये दोन कंट्रोलर असे एकत्र जोडण्याची सोय २०१७ पासूनच आहे.

काहीही विकत घेण्याआधी कन्सोलची सेटिंग उघडून बघा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर, आणि एप्रिल २०२० पासून निन्टेन्डोच्या स्विचवरही, कोणतं बटण काय करेल ते बदलता येतं. उडी जर डाव्या वरच्या बटणावर आणली तर अंगठ्याला स्टिक सोडावी लागत नाही, म्हणजे मागच्या बटणांचं निम्मं काम फुकटात झालं. गेमच्या आत 'डेडझोन' सापडतो का पाहा. स्टिक किती हलेपर्यंत गेमने तिच्याकडे दुर्लक्ष करावं, याची ती मर्यादा. जुन्या कंट्रोलरला हलका ड्रिफ्ट असेल तर ही मर्यादा जराशी वाढवा, नव्या कंट्रोलरमध्ये कमी करा. नेम फार पळत असेल तर सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी खाली आणा आणि प्रत्येक पायरीवर थोडं खेळून बघा. एवढं करूनही अंगठा कमी पडत असेल, तर मग टोपी आणा, आणि फक्त उजव्या स्टिकला लावा.